डावा पाय आवरायचा प्रकल्प: गाडी हळू करताना गियर कसे वापरायचे, माझ्या चार महिन्यांच्या नोंदी (नाशिक)

गाडी २०१४ ची सेकंडहँड हॅचबॅक, एक लिटर पेट्रोल, पाच गियर. लायसन्स काढून सहा वर्षं झाली पण खरी रोज चालवायला लागले त्याला दीडच वर्ष. म्हणजे मी काही एक्स्पर्ट नाही, उलट नवखीच, म्हणूनच लिहून ठेवतेय, कारण एक्स्पर्ट लोक सांगतात तेव्हा मधल्या सगळ्या चुका गाळून सांगतात.

२० ऑक्टोबर, रविवार

नवरात्र झालं, कोजागिरी झाली, गडावरची गर्दी ओसरली म्हणून आई आणि सासूबाईंना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी, साठ-पासष्ट किलोमीटर, आणि नांदुरीपासून वर दहा किलोमीटरचा घाट. चढताना काही नाही, सेकंड-थर्ड करत आरामात गेले. उतरताना मात्र पूर्ण घाटभर मी एकच काम केलं, उजवा पाय ब्रेकवर आणि डावा क्लचवर. गियर फोर्थचा होता, पण क्लच दाबलेला असला की फोर्थ काय आणि न्यूट्रल काय, गाडी नुसती घरंगळत होती आणि सगळं वजन ब्रेकवर.

शेवटच्या काही वळणांवर वास यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी प्लॅस्टिक जाळतंय बहुतेक. दोन वळणांनी ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, मऊ, ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं. माझ्या हाताला घाम. नशिबाने तिथून पुढे उतार कमी होत जातो, तशीच रखडत नांदुरीत आणली आणि चहाच्या टपरीसमोर थांबवली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धूर.

नवरा बिसलेरीची बाटली घेऊन धावला तर टपरीवाले दादा ओरडले, "ओ, पाणी नका मारू, डिस्क वाकडी होईल! हँडब्रेक पण नका ओढू. गियरमध्ये ठेवा आन् हा दगड लावा." दगड त्यांच्याकडे तयारच होता, टपरीखाली ठेवलेला, एका बाजूला टायर लागून लागून काळा पडलेला. यावरून काय ते समजले. पाऊण तास बसलो, चार चहा झाले. घरी येईपर्यंत नवऱ्याने चालवली, तीसच्या वर नेली नाही.

२४ ऑक्टोबर

सातपूरच्या गॅरेजमध्ये चाकं काढली. मिस्त्रींनी ब्रेकचं पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणारी पट्टी) हातात दिलं, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नखाने ओरखडा पण उठेना. असं झालं की पॅड उरलेलं दिसतं पण पकड गेलेली असते. ब्रेक ऑइल तर चहासारखं. आधीच्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे आणि मी तर बदलायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलं की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पाणी मिसळलं की लवकर उकळतं, उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि बुडबुडे दाबले जातात म्हणून पॅडल मऊ. नवीन बाटली डॉट ४ ची, हा ब्रेक ऑइलचा दर्जा. कोरडं ऑइल २३० अंशापर्यंत उकळायला नको, पाणी शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं, एवढा फरक. दर दोन वर्षांनी बदलायचं.

मग गाडी आत-बाहेर करून बघितली आणि म्हणाले, "ताई, क्लचवर पाय ठेवून चालवता का?" मी म्हटलं, नाही हो. ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. क्लच फार वर पकडतोय म्हणे, म्हणजे घासत आलाय, अजून काही हजार किलोमीटर निघतील.

खर्च: पॅड १३५०, दोन्ही डिस्क लेथवर फेस मारून ७००, ब्रेक ऑइल २८०, मजुरी ९००. एकूण ३२३०.

२७ ऑक्टोबर, रविवार

माझे काका एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वणी-गड लाइनवर. त्यांना फोनवर घाटाचं सांगितलं तर आधी शिव्या दिल्या आणि मग स्वतःच आले, म्हणाले, चल, मला फिरवून आण.

गंगापूर रोडने जेहान सर्कलहून अशोक स्तंभाकडे निघालो. काका शेजारी बसून काही शिकवेनात, नुसतं मोजत होते. पुढे सिग्नल दिसला, माझा पाय क्लचवर गेला, की यांचं सुरू, "एक, दोन, तीन, चार..." गाडी थांबेपर्यंत. पहिल्या सिग्नलला बारा. दुसऱ्याला पंधरा. एका स्पीडब्रेकरसाठी नऊ, स्पीडब्रेकर! मी वैतागले, म्हटलं, काका, बोला ना काय ते. तर म्हणाले, "अगं, मी बोलतोच आहे. एवढे सेकंद तू गाडी इंजिनापासून तोडून ठेवलीस. इंजिन फुकट गाडी धरून ठेवत होतं, तू त्याला सुट्टी दिलीस."

मग माझं मलाच आठवलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून एकच मंत्र होता, मॅडम क्लच दाबा, क्लच दाबा, ब्रेकच्या आधी क्लच दाबा. कारण काय तर गाडी बंद पडू नये. वीस दिवसांच्या क्लासात लायसन्सपुरतं शिकवायचं असेल तर ते बरोबरच आहे म्हणा, पण मग ती सवय हाडात बसते आणि काढायला कुणी येत नाही.

तर प्रकल्प गियरचा वगैरे नाही, डाव्या पायाचा आहे. हे मला पहिल्याच रविवारी कळलं आणि तरी पुढचा महिना मी गियरच्याच मागे लागले, ते खाली येईलच.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीच्या फराळात वेळ काढून जुगाड केला. आमच्या गाडीत डावा पाय ठेवायला जागा अशी नाही, पाय हवेत लटकतो आणि मग आपोआप क्लचवर जाऊन बसतो. म्हणून माळ्यावरचा प्लायचा तुकडा कापला, वर पायपुसण्याची पट्टी चिकटवली आणि क्लचच्या डावीकडे मॅटखाली दुहेरी टेपने बसवला. पहिला दिवस मस्त. दुसऱ्या दिवशी कॅनडा कॉर्नरजवळ क्लच दाबायला गेले तर अर्ध्यातच अडला, कारण तुकडा सरकून पॅडलखाली गेला होता. गाडी धक्के खात बंद पडली, मागे रिक्षावाला. पॅडलच्या आसपास सुटं काहीही ठेवू नका, बाटली नको, चप्पल नको, आणि माझ्यासारखा जुगाड तर मुळीच नको. तुकडा फेकला. आता टाच सरळ फ्लोअरवर टेकवून ठेवते, पाय जरा आखडतो पण चालतं.

५ नोव्हेंबर

गाडीत आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय त्याचा) काटा नाही. म्हणून ऑनलाइन ब्लूटूथवालं ओबीडी डोंगल, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, मागवलं, ७५० रुपये. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं आणि मोबाइलवर ऍप. पहिलं ऍप जोडलंच जाईना, एक संध्याकाळ गेली, दुसरं चाललं.

९ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला त्र्यंबक रोडला, सातपूर सोडून पुढे. मी चालवतेय, नवरा मोबाइलवर आकडे टिपतोय, दोघांना थंडी. आमच्या गाडीचं गणित असं निघालं: दर हजार आरपीएमला सेकंडमध्ये अंदाजे १२ चा स्पीड, थर्डमध्ये १८, फोर्थमध्ये २४, फिफ्थमध्ये ३०. प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, आपापलं काढा, अर्ध्या तासाचं काम आहे.

याचा उपयोग काय तर दोन गोष्टी. एक म्हणजे ४० च्या स्पीडला कुठल्या गियरला इंजिन किती ओरडणार ते आधीच कळतं, फोर्थला जेमतेम १७००, थर्डला २२००, सेकंडला ३३००. आणि दुसरी, माझ्यासाठी खरी डोळे उघडणारी. इंजिन नुसतं चालू असताना साधारण ८५० वर असतं. म्हणजे थर्डमध्ये गाडी १५ पर्यंत खाली आली तरी बंद पडण्याचा प्रश्नच नाही, सेकंडमध्ये १० पर्यंत! मी साठच्या स्पीडलाच क्लच दाबत होते, बंद पडेल या भीतीने. प्रत्यक्षात करून बघितलं, थर्डमध्ये पाय काढून नुसता ब्रेक दाबत गेले, २० ला काही नाही, १७-१८ ला गाडी किंचित थरथरली, तेव्हा क्लच दाबला. बस, एवढंच. दीड वर्ष ज्याला घाबरले ते हे होतं.

आणखी एक बघितलं. ऍपमध्ये फ्युएल सिस्टमचं स्टेटस दिसतं. गियरमध्ये असताना ऍक्सिलेटरवरून पाय पूर्ण उचलला की ते बदलून 'डिसिलरेशन फ्युएल कट' असं काहीतरी येतं, म्हणजे गाडीच इंजिनला ढकलतेय आणि पेट्रोल जातच नाहीये. न्यूट्रल केली की परत नॉर्मल, कारण इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे 'उताराला न्यूट्रल मारली की ऍव्हरेज मिळतं' हे आमच्या सोसायटीतलं ब्रह्मवाक्य इंजेक्शनवाल्या गाडीला उलटं आहे. नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण तर उताराला चावीच बंद करतो म्हणे. ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) हवेची ओढ इंजिनाकडून मिळते, इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पॅडल दाबलं जातं आणि मग दगडासारखं कडक. स्टेअरिंगही जड, चावी जास्त फिरली तर लॉकच. नवऱ्याला म्हटलं, त्याच्या गाडीत तू बसायचं नाही.

१० ते १९ नोव्हेंबर

हे दहा दिवस माझ्या अंगात आलं होतं. आकडे हातात आले ना. प्रत्येक सिग्नलला फिफ्थ, फोर्थ, थर्ड, सेकंड, रेसिंग ड्रायव्हर असल्यासारखं एकेक गियर उतरवत जायचं, ब्रेकला हात (पाय) लावायचा नाही असा पणच केला होता. गंगापूर रोडवर दर दोनशे मीटरला काही ना काही असतं, निवडणुकीच्या प्रचाररिक्षा रस्त्याच्या मधोमध, म्हणजे एका फेरीत किती वेळा क्लच दाबला असेल त्याचा हिशेब नाही. पोटरी दुखायला लागली.

दोन प्रसंग लिहिते. पहिला, पंचेचाळीसच्या स्पीडला सेकंड टाकला आणि क्लच एकदम सोडला. पुढचं चाक चिरकलं, गाडीने नाक जमिनीला लावल्यासारखं केलं, आणि मागे सासूबाईंच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा थेट गियरवर. शेंगदाणे अजून हँडब्रेकच्या खाचेत आहेत. पंचेचाळीसला सेकंड म्हणजे पावणेचार हजार, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं की.

दुसरा जास्त गंभीर. मी ब्रेक न लावता नुसत्या गियरवर गाडी साठवरून पंचवीसवर आणली आणि मागचा बाइकवाला डिकीपासून हातभर अंतरावर कच्चकन थांबला. खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, ब्रेक लाइट गेलेत तुमचे." लाइट चांगले होते. मी ब्रेकच दाबला नव्हता तर लागतील कुठून. मागच्याला कळायला ब्रेक पॅडल हलकं तरी दाबावंच लागतं.

२१ नोव्हेंबर

काल मतदान करून येताना मुंबई नाक्याहून उड्डाणपुलावर चढत होतो, ऍक्सिलेटर दिला, आवाज वाढला, आरपीएम साडेतीन हजार, स्पीड मात्र पन्नासलाच. क्लच घसरतोय. आज गाडी गॅरेजला.

मिस्त्रींनी जुनी प्लेट दाखवली, रिव्हेटपर्यंत घासलेली. "दहा वर्षांचं आहे ताई, सगळं तुमच्यावर नाही. पण महिन्याभरात तुम्ही काहीतरी केलंय." मी प्रयोगाचं सांगितलं. त्यावर जे बोलले ते मी लिहूनच घेतलं: "ब्रेकचं लायनर हजार-बाराशेचं, चाक काढलं की बदललं. क्लच काढायला गियरबॉक्स उतरवावा लागतो. स्वस्त वस्तू वाचवायला महागाची कशाला घासता?"

क्लच सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग) ४२००, मजुरी १९००. एकूण ६१००, आणि अडीच दिवस रिक्षा.

रात्री काकांना फोन केला, थोडी रडकुंडीला आलेली. म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं इंजिन वापर म्हणून. काका म्हणाले, "गावात आणि घाटात एकच नियम कसा चालेल? गावात ब्रेक आधी, गियर नंतर. घाटात गियर आधी, ब्रेक नंतर." हे त्यांनी २७ ऑक्टोबरला का नाही सांगितलं असं विचारलं तर म्हणाले, तेव्हा तू ऐकलं नसतंस. खरंय ते, काय बोलणार.

१ डिसेंबर, रविवार

नवीन क्लच एकदम खाली पकडतो, दोन दिवस गाडी सिग्नलला बंद पडत होती. मग सवय झाली. तपोवनाकडे सकाळी रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, तिथे तीन सकाळी घालवल्या. जे ठरलं ते असं.

थांबायचंच असेल, म्हणजे लाल सिग्नल समोर दिसतोय, तर ज्या गियरमध्ये आहे त्यातच राहायचं. ऍक्सिलेटर लवकर सोडायचा, मग ब्रेक, आधी हलका आणि मग वाढवत. डावी टाच फ्लोअरवर. गाडी अगदी थरथरायच्या बेताला आली की क्लच, थांबली की न्यूट्रल, पुढे निघायची वेळ झाली की फर्स्ट. मधले गियर उतरवत बसायची काही गरज नाही. हां, सिग्नल मधेच हिरवा झाला तर त्या स्पीडला जो गियर लागतो तो एकदाच टाकायचा.

थांबायचं नाही पण हळू करायचं, म्हणजे वळण, स्पीडब्रेकर, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर (ट्रॉलीला मागे लाइट नसतो, ते गृहीत धरूनच चालायचं), तर ब्रेकने स्पीड पूर्ण खाली आणायचा, आणि मग क्लच दाबून थेट पाहिजे तो गियर. फोर्थवरून सरळ सेकंड चालतो, मधला थर्ड गाळला तर काही बिघडत नाही, फक्त स्पीड त्या गियरचा हवा. माझ्या गाडीत सेकंड पंचवीसच्या आसपास टाकला तर झटकाच बसत नाही, कारण इंजिन दोन हजारावर सहज येतं. हे सगळं वळणाच्या आधी संपवायचं, वळणात दोन्ही हात स्टेअरिंगवर.

क्लच सोडायच्या आधी ऍक्सिलेटरला चिमूटभर टिचकी मारली तर सेकंड आणखी गुळगुळीत बसतो हे काकांनी दाखवलं. इंजिनचा आवाज गियरच्या आवाजाशी जुळवायचा, आकड्याकडे बघायचं नाही. मला दहातून चार वेळा जमतं. दोन वेळा जास्त रेस दिल्यामुळे गाडी हळू व्हायच्या ऐवजी पुढे उडी मारते, आणि उरलेल्या चार वेळा विसरतेच.

८ डिसेंबर

ओझरजवळ हायवेला सत्तरच्या स्पीडला फिफ्थवरून फोर्थ टाकायला गेले. मुठीत घट्ट धरून दांडा डावीकडे रेटत मागे ओढला आणि तो फोर्थऐवजी सेकंडमध्ये गेला. क्लच अर्धा सोडल्यावर इंजिन किंचाळलं, डोंगलवर साडेचार हजार दिसलं, पाय परत खाली. पूर्ण सोडला असता तर माझ्या गणिताने पावणेसहा हजार. नवीन क्लचला अजून तीन आठवडे पण झाले नव्हते!

घरी बंद गाडीत बसून बघितलं. न्यूट्रलला दांडा सोडून दिला की तो आपोआप मधल्या रांगेत, थर्ड-फोर्थच्या, येऊन उभा राहतो. म्हणजे फिफ्थवरून फोर्थला नुसता तळहाताने सरळ मागे सोडायचा, डावीकडे रेटायचं नाही. सेकंड पाहिजे असेल तरच तळहात उलटा करून डावीकडे दाबायचा. शंभर वेळा करून बघितलं, शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यांना वाटलं गाडी बिघडली.

२२ डिसेंबर, रविवार

परत गड. यावेळी काका शेजारी, आई मागे, सासूबाई म्हणाल्या मी घरीच बरी.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागा, सकाळचं धुकं, रस्त्यात ट्रॅक्टर. नांदुरीत टपरीवाल्या दादांनी गाडी ओळखली, नुसता हात केला. चढताना काका म्हणाले, कुठल्या वळणाला कुठला गियर लागतोय ते लक्षात ठेव, उतरताना तोच लागणार. बहुतेक ठिकाणी सेकंड लागला, थोड्या सरळ पट्ट्यात थर्ड.

दर्शन झालं, दोन तासांनी उतरायला लागलो. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, काकांनी सेकंड टाकायला लावला. मी म्हटलं, थर्ड चालेल की. म्हणाले, बघ करून. थर्डमध्ये गाडी पाय उचललेला असूनही हळूहळू पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस करत वाढत गेली आणि दर वळणाला चांगला ब्रेक लागायला लागला. ऑक्टोबरचाच सिनेमा परत. एका सरळ पट्ट्यात ब्रेकने पंचवीसला आणली, टिचकी, सेकंड. आणि गाडी धरली कुणीतरी मागून. अठ्ठावीस-तीसवर, आरपीएम चोवीसशेच्या आसपास, घूं घूं आवाज, बास. मी काहीच करत नव्हते. आईला वाटलं इंजिनला त्रास होतोय, काका म्हणाले, हा आवाज म्हणजे तो काम करतोय, चढताना यापेक्षा जास्त ओरडत होता तेव्हा बोलली नाहीस.

ब्रेक लावायचा तेव्हा ठाम दाबायचा, स्पीड खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात त्याला हवा लागते. सारखा हलका घासत ठेवायचा नाही. काकांच्या गाड्यांना हवेचे ब्रेक, दर वळणाला पॅडल मारत बसलं की टाकीतली हवाच खाली येते, म्हणून घाटात गियर हाच त्यांचा पहिला ब्रेक, आणि गियर खालचा टाकायचा तो उताराच्या आधी, कारण स्पीड वाढल्यावर जड गाडीचा गियर निघतो पण परत पडत नाही. "मग राहिलं न्यूट्रल, आणि देवी," असं म्हणून त्यांनी वर हात जोडले.

गणपती टप्प्याच्या अलीकडे खालून एसटी आली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, मी कडेला थांबवली, ड्रायव्हरने काकांकडे बघून हॉर्न दिला. ओळख नव्हती म्हणे, पण आवडलं त्यांना.

नांदुरीत उतरून चाकाजवळ हात नेला (डिस्कला लावायचा नाही, चटका बसेल), ऊब होती, वास नाही, पॅडल कडक. दादांनी टपरीखालून दगड काढून धरला, "लागतो का?" नको म्हटलं तर परत ठेवून दिला, मागच्या गाडीसाठी.

५ जानेवारी

तीन दिवस नवऱ्याने चालवली. क्लच आधी, मग ब्रेक. मी मोजलं, तेरा. तो चिडला.

९ फेब्रुवारी, रविवार

चाकं काढून पॅड बघितले, ऑक्टोबरपासून साधारण चार हजार किलोमीटर झालेत, मिस्त्री म्हणाले झीज नाहीच म्हणायची. क्लच आहे तिथेच पकडतोय. आतापर्यंत खर्च १०,०८० रुपये, पेट्रोल सोडून, त्यातले सहा हजार शंभर तरी माझ्या उत्साहाने थोडे लवकर खर्च झाले.

परवा इंदिरानगरला गाडीसमोर कुत्रं आलं तेव्हा टिचकी नाही, गियर नाही, काही नाही, दोन्ही पाय एकदम खाली. काकांना घाबरत घाबरत सांगितलं. म्हणाले, बरोबर केलंस, तिथे ब्रेक पूर्ण आणि क्लच पण, गियरचा विचार कुत्रं गेल्यावर.

अजून राहिलंय: पावसात घाट उतरणं, चार माणसं आणि सामान भरून कसारा, आणि ती टिचकी, दहातून सहावर आलीये.